‘दाहिने’ आणि ‘मुड’च्या मधलं अंतर

भंडारा जिल्ह्यात पहाटे साडेचारला घराबाहेर पडलं, तर रस्त्यावर दोनच तऱ्हेची माणसं दिसतात. दूधवाले, आणि भरतीची पोट्टी. तलावाच्या पाळीवर, कालव्याच्या कडेनं, शाळेच्या पटांगणात आधी नुसती पावलं वाजतात, मग धापा ऐकू येतात, आणि मग अंधारातून कुणीतरी ओरडतं, “पाच चाळीस!” म्हणजे पाच मिनिटं चाळीस सेकंद. पळणारा तिथेच गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो. अजून दहा सेकंद कापायचे असतात.

सैन्यभरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांत पळणाऱ्याला पूर्ण 60 गुण मिळतात. बीमवर दहा वेळा वर ओढून घेतलं की 40. नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा, अरुंद वाकड्या पट्टीवरून तोल सांभाळत जायचं, यात फक्त पास-नापास. उंची 168 सेंटिमीटर, छाती 77, आणि फुगवली की आणखी पाच. 2023 पासून या सगळ्याच्या आधी संगणकावरची लेखी परीक्षा आली, त्यामुळे आता पोट्टे सकाळी पळतात आणि दुपारी गणितं सोडवतात. तरी गावाच्या तोंडी आकडा एकच, साडेपाचचा. दोन-दोन वर्षं त्या आकड्यापायी जातात.

आता थोडा हिशेब करू. साडेपाच मिनिटांत 1600 मीटर म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटरचा वेग. हा पोरगा निवडला जातो, ट्रेनिंग सेंटरला पोहोचतो, आणि तिथे त्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात काय, तर चालायला. ‘तेज चल’ची चाल मिनिटाला 120 पावलांची, पाऊल 30 इंचांचं. गुणाकार केला तर ताशी साडेपाच किलोमीटरही पुरते भरत नाहीत. ज्या वेगानं त्याला फौजेच्या दारात आणलं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी वेगानं त्याची फौज सुरू होते. बहुतेकांना हा पहिला धक्का असतो. भरतीची तयारी छाती आणि फुफ्फुसांची झालेली असते. सुरुवातीच्या दिवसांत परीक्षा लागते ती कानांची आणि तळपायांची.

सोयीसाठी एक पोरगा धरू. मोहाडी तालुक्यातला, घरी थोडं धान, वय एकोणीस. भरती नागपूरच्या कार्यालयाकडून झालेली. पुढे कुठलं सेंटर मिळेल ते त्याच्या हातात नसतं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्री, मध्य प्रदेशात सागरला महार रेजिमेंट, नाशिक रोडला तोफखाना, अहिल्यानगरला चिलखती दल. किंवा अगदी घराजवळ, कामठीला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर. आपल्या पोराला कामठी मिळाली असं समजू. भंडाऱ्याहून दीड-दोन तासांचा रस्ता. “हे तं घरच झालं,” असं बाप म्हणतो. फाटकाच्या आत गेल्यावर कळतं की कामठी काय आणि काश्मीर काय, अंतर सारखंच.

पहिल्या दिवशी केस जातात. जुन्या काळी याला साधं कारण होतं. उवांमधून टायफसचा ताप पसरे आणि गोळ्यांनी मरावीत त्याहून जास्त माणसं त्यानं मरत. आज उवा नाहीत, कात्री आहे. पन्नास डोकी एकसारखी झाली की कोण तुमसरच्या व्यापाऱ्याचा आणि कोण लाखांदूरच्या मजुराचा, हे निदान वरवर तरी कळेनासं होतं. मग किट मिळतं. पीटीचे बूट, डीएमएस बूट, मच्छरदाणी, ताट-मग, वर्दी, आणि तिच्या आकाराबद्दल तक्रार करायची नाही ही पहिली अलिखित सूचना. काळी पत्र्याची ट्रंक येते आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि आर्मी नंबर रंगवला जातो. तो नंबर झोपेतून उठवून विचारला तरी न अडखळता सांगता आला पाहिजे. मोबाईल जमा होतो. ठरलेल्या वेळी, बहुधा रविवारी, तो थोडा वेळ हातात येतो. तेव्हा माय तिकडून विचारते, “भात भेटते का रे बाबू?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भंडारा धानाचा जिल्हा. इथल्या पोराचं पोट भातानं भरतं, पोळी तोंडी लावायला. लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या भटारखान्यात, रोट्यांची चळत असते, बाजूला दाळ, आणि खायला वेळ मोजका. पहिल्या आठवड्यात पोरगा चार रोट्या खातो आणि अकरा वाजता पुन्हा भुकेला होतो. तिसऱ्या आठवड्यात तोच पोरगा किती खातो हे त्याच्या मायला सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही. भूक आधी घाबरते, मग शहाणी होते.

बराकीत दोन ओळींत खाटा. खाटेवरची चादर अशी ताणायची की सुरकुती दिसता कामा नये. टॉवेल, मग, दाढीचं सामान एका रेषेत. एकाचा मग बोटभर पुढे असला तर सगळी रांग पुन्हा लावायची. यामागची कारणं विचारली तर उस्ताद म्हणेल की ज्याला चादरीवरची सुरकुती दिसते त्यालाच उद्या रायफलच्या नळीतला धुळीचा कण दिसेल. ते खरंही आहे. पण माझं मत विचाराल, तर यातल्या काही गोष्टींना कारण नसतं, फक्त रिवाज असतो, आणि फौज ते कधी कबूल करत नाही.

उस्ताद म्हणजे प्रशिक्षक, बहुतेक वेळा हवालदार किंवा नायक. रिक्रूटच्या जगात देव, वैरी आणि घड्याळ या तिन्ही जागा त्याच्याकडे असतात. चूक झाली की रगडा: फ्रंट रोल, रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेरी, कोपरांवर सरपटणं. चूक एकाची आणि रगडा सगळ्या सेक्शनला, हे बाहेरच्या माणसाला अन्यायाचं वाटतं. आत मात्र एक वेगळीच गोष्ट घडते. भरतीच्या रॅलीत ही पोट्टी एकमेकांशी स्पर्धा करत होती, शेजारच्यापेक्षा एक सेकंद पुढे राहण्यासाठी. आता शेजारच्याचं बटण तुटलं तर आपल्यालाच लोळावं लागणार, म्हणून सुई-दोरा घेऊन त्याच्या मागे लागतात. रगड्यालाही हद्द असते, आणि ती कागदावर आहे. हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा दुर्वर्तन हा आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 47 खाली गुन्हा आहे.

आता कानांकडे येऊ.

आपला पोरगा घरी झाडीबोली बोलतो. या बोलीत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही. डोळ्याला डोरा, पाण्याला पानी. शाळेत यापायी त्यानं मार खाल्लेला असतो, पुण्याकडचा कुणी भेटला तर अजूनही हसतो. पण कवायतीच्या मैदानावर सारे हुकूम हिंदीत, आणि चालू हिंदीला ‘ळ’ लागत नाही, ‘ण’ क्वचित. कोल्हापूरच्या पोराची जीभ जिथे अडखळते तिथे भंडाऱ्याची सरळ चालते. छत्तीसगड आणि बालाघाट जवळ असल्यानं हिंदी कानावरून गेलेलीच असते. आणि ‘जी’ तर घरचाच शब्द. बायको नवऱ्याला, पोरगा म्हाताऱ्याला, दुकानदार गिऱ्हाइकाला ‘हो जी’ म्हणतो. “समझे?” असं उस्ताद ओरडला की “जी उस्ताद!” हे उत्तर त्याला शिकवावं लागत नाही.

फौजेची हिंदी मात्र पुस्तकातली हिंदी नव्हे. इंग्रजांच्या हिंदुस्तानी फौजेत शिपायांना उर्दू रोमन लिपीतून शिकवली जाई, आणि इंग्रजी हुकूम देशी जिभेवर घोळून घोळून गुळगुळीत झाले. रिक्रूटचा रंगरूट झाला, लेफ्टनंटचा लफटन. रात्रीच्या पहाऱ्यावरचा संत्री अनोळखी माणसाला थांबवताना अजूनही ‘हुकमदार’ असं दरडावतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हुकूम देणारा कुणी बडा अधिकारी असेल. मुळात तो इंग्रजीतला ‘कोण येतंय तिकडे’ हा प्रश्न आहे. रायफलची नळी साफ करायच्या दोरीला ‘फुलथ्रू’ म्हणतात आणि तिच्या टोकाच्या फडक्याला ‘चिंदी’. या दुसऱ्या शब्दावर मराठी पोरगा मनातल्या मनात हसतो, कारण घरी आजी तेच म्हणते, फक्त चिंधी.

मराठीत हे शब्द नवे आलेत असंही नाही. पलटण, कप्तान, बिगुल आपल्या बोलण्यात मुरलेत. चारचौघांच्या टोळक्याला आपण कंपू म्हणतो. तो शब्द मराठीत रुळला महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेतून, जी द बॉयन या फ्रेंच बोलणाऱ्या सेनानीनं उभी केली. पानिपतावर 1761 मध्ये तोफा डागणारे आणि 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून करणारे गारदी, हा शब्दही ‘गार्ड’चाच भाऊ. तेव्हा मोहाडीचा पोरगा कामठीला गार्ड्समध्ये गेला याचा जुन्या मराठीतला अर्थ असा की तो गारदी झाला. आजीला हे सांगू नये.

हुकमाकडे परत येऊ, कारण या दिवसांचं मर्म तिथे आहे. कवायतीचा हुकूम दोन तुकड्यांत येतो. पहिला तुकडा सावध करतो: ‘दाहिने’. मग एक विराम. मग दुसरा तुकडा, ज्याच्यावर अंग हलतं: ‘मुड’. नवखा माणूस पहिल्याच तुकड्यावर वळतो. त्याला वाटतं, कळलं ना उजवीकडे वळायचं, मग थांबायचं कशाला? शाळेत, रॅलीत, परीक्षेत आजवर जो आधी ओळखतो तोच हुशार ठरलेला असतो. इथे मात्र आधी ओळखणारा उघडा पडतो. सगळी रांग समोर आणि हा एकटाच उजवीकडे. वळणंही एका झटक्यात नसतं, गिनतीनं असतं. ‘एक’ म्हणताना टाच-पंजावर फिरायचं, ‘दो-तीन’ एवढं स्तब्ध राहायचं, पुन्हा ‘एक’ म्हणत दुसरा पाय आणून मिळवायचा. म्हणजे थांबणं हीसुद्धा मोजून करायची हालचाल.

माणसाच्या हालचालीचे असे तुकडे करण्याची युक्ती युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच सेनापती मॉरिस ऑफ नासाऊनं पद्धतशीर केली. तेव्हाची तोड्याची बंदूक भरणं हे किचकट काम. दारू, गोळी, गज, पेटता तोडा. घाबरलेला माणूस गज नळीतच विसरून बार काढी. मग बंदूक भरण्याची चाळीसहून जास्त पायऱ्यांची वेगवेगळी चित्रं काढली गेली, प्रत्येक पायरीला एक हुकूम. शंभर माणसं एका आवाजावर एकच पायरी करू लागली, तेव्हा एक ओळ बार काढते आणि मागची ओळ भरते, असा अखंड मारा शक्य झाला. आज कुणी तशी बंदूक भरत नाही. पायऱ्यांची शिकवण मात्र कामठीच्या मैदानावर शिल्लक आहे.

मग रणांगणात काही उपयोग नसताना कवायत का टिकली? विल्यम मॅकनील नावाचा अमेरिकी इतिहासकार 1941 मध्ये सक्तीच्या भरतीत टेक्सासच्या छावणीत जाऊन पडला. तुकडी विमानविरोधी तोफांची, पण शिकायला धड तोफाच नाहीत. वेळ घालवायचा म्हणून त्यांना तासन्तास उन्हात चालवत. मॅकनीलला या निरर्थकपणाची चीड यायला हवी होती. आली ती एक विचित्र सुखाची जाणीव, आपण फुगत चाललोय, आपल्या अंगाची हद्द शेजारच्याच्या अंगात मिसळतेय अशी. ही गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नाही. अर्ध्या शतकानंतर, 1995 मध्ये, त्यानं त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं: नाच, कवायत, सामूहिक कष्ट, एका तालात हलणाऱ्या माणसांचा इतिहास. भंडाऱ्यात हे कुणाला पुस्तकातून सांगायला नको. धानाची रोवणी करणाऱ्या बायांची रांग चिखलात गाण्याच्या तालावर मागे सरकते. ती पाहिलेल्याला मॅकनील काय म्हणतो ते लगेच कळेल.

कामठीचं मैदान आणि भंडारा यांचं आणखी एक नातं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. कंपनीच्या फौजेत महार शिपाई होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लढवय्या जातींचा सिद्धांत काढून इंग्रजांनी त्यांना दार बंद केलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी केली, आणि गरज सरताच 1921 मध्ये मोडली. पुन्हा महायुद्ध आलं. बाबासाहेब आंबेडकर, स्वतः सुभेदाराचा मुलगा, महूच्या छावणीत जन्मलेले, यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी 1942 मध्ये, कामठीला. या भागातल्या ज्या घरांना वीस वर्षं फौजेचं दार बंद होतं, त्यांच्यासाठी ते आता नागपूरच्या वेशीवर उघडलं होतं. त्या पोरांच्या पहिल्या दिवसांची कल्पना करून पाहावी. गावात विहिरीवर हात लावायला मनाई, आणि इथे लंगरमध्ये ताट सगळ्यांसारखं, बूट सगळ्यांसारखे, ‘सावधान’ म्हटलं की मान सगळ्यांइतकीच वर. ज्याला एरवी मान खाली घालून चालायला शिकवलंय, त्याला छाती काढून चालण्याचा हुकूम मिळणं ही कवायत नुसती पायांची नव्हे. बाबासाहेब 1954 मध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुकीला याच भंडाऱ्यातून उभे राहिले. हरले. आज महार रेजिमेंटमध्ये सगळ्या जाती-प्रांतांचे जवान असतात.

तळपायांचं राहिलं. धानाच्या बांधीत अनवाणी वाढलेल्या पोराला आपल्या पायांचा फार भरवसा असतो. कातडीपुरता तो बरोबरही आहे. बूट चावतो तो कातडीलाच, फोड येतात, फुटतात, घट्टे पडतात, संपलं. त्रास देतं ते हाड. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं नव्या शिपायांच्या पावलांवर येणारी दुखरी सूज नोंदवली. कारण त्याला उमगलं नाही, उमगणं शक्यही नव्हतं, क्ष-किरणांचा शोध 1895 चा. नंतर चित्रं काढल्यावर दिसलं की पावलाच्या लांब हाडाला केसाएवढी चीर गेलीय, कुठलाही मार न लागता. नुसत्या चालण्यानं. हाडाचा स्वभाव असा की नवा भार आला की ते आधी आतली जुनी माती काढतं आणि मग पक्कं बांधकाम करतं. काढणं लवकर होतं, बांधणं सावकाश. म्हणून पहिले काही आठवडे हाड मजबूत होण्याऐवजी थोडं पोकळच असतं, आणि नेमका तेव्हाच परेडचा जोर वाढलेला असतो. जो पोरगा दुखणं लपवतो, आणि लपवणारे पुष्कळ, त्याची चीर वाढते आणि तो मागच्या बॅचमध्ये जातो. मागे पडणं हा रिक्रूटला रगड्याहून मोठा धाक असतो.

उन्हाचं त्याला काही वाटत नाही, तो वैशाखातला विदर्भ अंगावर घेऊन आलेला असतो. हिमाचलचा सोबती मात्र पहिले दहा-बारा दिवस भाजून निघतो. तेवढ्या काळात शरीर लवकर घाम सोडायला आणि घामातलं मीठ राखायला शिकतं.

रायफल हातात येते ती थोडी उशिरा, आणि आली तरी आधी खोलणं-जोडणं, पुसणं, तेल देणं. कसं धरायचं, श्वास कुठे रोखायचा, घोडा झटक्यानं ओढायचा नाही तर हळूहळू दाबत न्यायचा, हे रिकाम्या रायफलवर शेकडो वेळा. प्रत्यक्ष गोळ्या मिळतात तेव्हा उस्ताद आधी बैलाचा डोळा मागत नाही. पाच गोळ्या एकमेकींच्या जवळ पडल्या का, एवढंच पाहतो. त्याला ग्रुपिंग म्हणतात. निशाण्यापासून लांब पडल्या तरी चालेल, पण एकत्र पडल्या पाहिजेत, कारण चूक एकसारखी असेल तर ती सुधारता येते. पहिली गोळी सुटते, खांद्याला धक्का बसतो, आणि दारूचा वास येतो. भंडाऱ्याच्या पोराला हा वास परका नाही. शहराजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, साठच्या दशकात उभी राहिलेली. गोळी-गोळ्याला पुढे ढकलणारी दारू, प्रोपेलंट, तिथे बनते. कित्येकांचे काका-मामा तिथे कामाला. 24 जानेवारी 2025 ला तिथल्या स्फोटात कामगार मेले, ती बातमी जिल्हा विसरलेला नाही. सीमेवर न जाताही दारूगोळा माणूस खातो हे इथल्या घरांना ठाऊक आहे.

या सगळ्यावर 2022 पासून आणखी एक सावली आहे. त्या वर्षी 14 जूनला अग्निपथ योजना जाहीर झाली. आधी ट्रेनिंग एकदा पार पडलं की पंधरा वर्षांची नोकरी आणि पुढे पेन्शन बहुधा ठरलेली. आता चार वर्षं, पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये, त्यातले 9,000 सेवा निधीत कापून 21,000 हाती, आणि चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के कायम. मला यात खटकतं ते पैशांचं नव्हे. वर सांगितलं, पहिल्या दिवसांत शेजारच्या खाटेवरचा स्पर्धक सोबती होतो, फौजेचा पायाच तो. आता त्या सोबत्याबरोबर चारातल्या एका जागेसाठी पुन्हा स्पर्धा आहे, हे डोक्याच्या मागे कुठेतरी वाजत राहणार. सुई-दोरा घेऊन धावणारा हात त्यामुळे आखडेल का? उस्ताद लोक म्हणतात, रगडा असेपर्यंत नाही.

सहावा आठवडा. सकाळची परेड. स्क्वॉड तीन ओळींत उभा आहे, नजर समोर, अंगठे पँटच्या शिवणीवर. पहिल्या आठवड्यात ‘दाहिने’ ऐकताच अर्धी रांग वळायची आणि उरलेली वळणाऱ्यांकडे पाहायची. उस्तादला ते आठवतंय. तो मुद्दाम सावकाश चालत पुढे येतो, काठी काखेत धरतो, आणि हवा भरून ओरडतो, “दाहिने...”

मोहाडीच्या पोराच्या नाकावर माशी बसलीय. उस्ताद अजून पुढचं बोललेला नाही.